सूर : असभ्य

रागिणीबद्दल कुणी विचारलं की मी आधी तिची स्तुती करतो आणि मग माझं डोकं फिरतं. हा क्रम आता ठरून गेलाय. अमरावतीच्या एका कॉलेजात मी जन्मभर मराठी शिकवलं. त्यातला अर्थविचाराचा पेपर घ्यायला कुणी तयार नसायचं, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिला. शब्दाला अर्थ येतो कुठून, तेच वाक्य एकाच्या तोंडी गोड आणि दुसऱ्याच्या तोंडी कडू का लागतं, असले प्रश्न मी फळ्यावर लिहायचो आणि पोरं खिडकीबाहेर बघायची. एकटी रागिणी पहिल्या बाकावर बसून माझ्याशी भांडायची. अशी विद्यार्थिनी मास्तरच्या नशिबी क्वचित येते.

तिच्या आईला मी त्याच्याही आधीपासून ओळखत होतो. पार्बताबाई बाजारात फुलं विकते. नांदगाव पेठेच्या कारखान्यांपलीकडं त्यांचं लहानसं वावर आहे. तिथं शेषराव, म्हणजे रागिणीचे वडील, झेंडू, शेवंती आणि निशिगंध लावायचे आणि शेजारचा इनायतुल्ला सकाळी आपल्या ऑटोतून फुलं बाजारात आणून टाकायचा. आमच्या घरी पौर्णिमेला वंदनेसाठी पांढरी फुलं लागतात, ती मी पार्बताबाईकडूनच घेतो. दुसऱ्याकडं जायची माझी हिंमत नाही. एकदा गेलो होतो, तर ती आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली होती, "काय रे मास्तर, डोये फुटले का तुहे? मी काय मेली का? तुह्या बुद्धासाठी सकायपासून निशिगंध झाकून ठेवला ना मी!"

तिच्याकडं सगळ्यांना हीच भाषा. कॉलेजातली मुलगी कळ्या चिवडायला लागली की "ओ पोट्टी, हात काढ", नवरदेवाचा बाप भाव पाडायला लागला की "बह्याड झाला काय बाप्पा", म्हणजे वेडा झालास का. लोक हसायचे, भाव करायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तिच्याचकडं यायचे. पुण्यामुंबईची माणसं मात्र तिचा आवाज ऐकून दोन पावलं मागं सरायची.

तिसऱ्या वर्षाला रागिणीनं याच भाषेवर प्रकल्प लिहिला. नाव ठेवलं होतं 'माझ्या आईच्या शिव्या'. विभागप्रमुखांनी नाक मुरडलं, पण मी तो अडवू दिला नाही. तिचं म्हणणं असं होतं, की आई ज्याला शिवी देते त्याला ती आपला समजते. माणूस मनातून उतरला की तिची भाषा एकदम सुधारते. मग ती 'या, बसा, आपल्याला काय हवं' असं बोलायला लागते आणि त्या माणसानं खुशाल समजावं की तिच्या लेखी आपण संपलो. उदाहरण तिनं घरातलंच दिलं होतं. विहिरीच्या वाटणीत तिचा काका खोटं बोलला होता. त्या दिवसापर्यंत पार्बताबाई या दिराला 'ए माकडा' म्हणून हाक मारायची. त्यानंतर ती त्याला 'आपण' म्हणू लागली आणि ते आजतागायत चालू आहे. काका एकदा दारात रडला म्हणे, 'वहिनी, एक शिवी दे'. तिनं त्याला पाट दिला आणि चहा दिला.

हे वाचून मी वर्गात म्हणालो होतो, की अर्थ शब्दात नसतो, दोन माणसांच्या मधे असतो, हे या पोरीला माझ्यापेक्षा चांगलं कळलंय. ती लाजली होती. आज ते आठवलं की दात ओठ खावेसे वाटतात.

भाषाविज्ञान शिकायला ती पुण्याला गेली. तिथं कुणी तिचा छळ केला असं नाही. असं काही घडलं असतं तर बरं झालं असतं, निदान राग धरायला कुणीतरी मिळालं असतं. झालं एवढंच, की होस्टेलवर एकदा आईचा फोन आला आणि खोलीतल्या मुलींनी काळजीनं विचारलं, "तुझी आई भांडतेय का गं तुझ्याशी?" आई खरं तर विचारत होती की जेवलीस का. रागिणी खोटं बोलली. म्हणाली, हो, जरा चिडलीय. त्या दिवसानंतर ती फोन घेऊन गच्चीवर जाऊ लागली. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या तोंडातून 'करून राहिले' गेलं होतं आणि 'मले'चं 'मला' झालं होतं. पार्बताबाई कौतुकानं सगळ्या बाजाराला सांगायची, "माही पोट्टी आता रेडिओवानी बोलते."

शिक्षण संपतं न संपतं तोच शेषरावांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात नंबर लावायचा, यंत्रावर तास न् तास पडून राहायचं आणि परत यायचं. एक खेप चुकली तर अंगात पाणी भरतं आणि माणूस श्वासाला महाग होतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. रागिणी पुण्याचा गाशा गुंडाळून घरी आली. वडिलांना जगवायचं, एवढं एकच काम तिनं हातात घेतलं. ते तिनं जीव ओतून केलं, हे मी तिच्यावर कितीही चिडलो तरी नाकारणार नाही.

त्यासाठी घरबसल्या पगार हवा होता. तो तिला मिळाला अर्थविचारातूनच. आता मोठमोठ्या ठिकाणी लोकांचे फोन माणूस घेत नाही, यंत्र घेतं. त्या यंत्राला लोकांचं बोलणं कळावं म्हणून आधी माणसांनी ढिगानं फोन ऐकून प्रत्येकावर शेरा मारायचा असतो: बोलणाऱ्याला काय म्हणायचं आहे, विनंती की तक्रार की चौकशी, आणि सूर कसा, सभ्य की असभ्य. ते शेरे बघून यंत्र शिकतं. या कामाची एक कंपनी अकोल्यात निघाली होती. वरचे साहेब पुण्यात, ऐकणाऱ्या पोरी वऱ्हाडात. रागिणी घरी लॅपटॉप उघडून कानाला हेडफोन लावून बसायची, महिन्यातून एकदा बसनं अकोल्याला जायची. मला वाटलं, चला, माझा पेपर कुणाच्या तरी पोटापाण्याला उपयोगी पडला.

मग एक दिवस ती सल्ला विचारायला घरी आली. म्हणजे सल्ला विचारायला आली असं तिनं भासवलं, ठरवून तर आलीच होती. वऱ्हाडातल्या फोनांचं काय करायचं यावर पुण्याच्या साहेबांचं अडलं होतं. इथली माणसं फोन उचलणाऱ्याला सरळ 'तू' म्हणतात, 'पोट्टी' म्हणतात, 'बह्याड' म्हणतात. हे सभ्य धरायचं की असभ्य? साहेबांनी निर्णय तिच्यावर सोपवला होता. ती इथली, शिवाय शिकलेली. ती लावेल तो शेरा प्रमाण, बाकीच्यांनी त्याप्रमाणे लावायचं.

"मग अडचण काय आहे?" मी म्हणालो. "तुझा प्रकल्प काढ आणि त्यांच्यापुढं टाक."

"सर, तो कॉलेजातला होता," ती म्हणाली. "माणूस कामासाठी फोन करतो. तिथं नीट बोलायला काय हरकत आहे? आपल्या लोकांनी कधीतरी सुधारायला नको का?"

"आणि असभ्य शेरा बसला तर काय होतं?"

"यंत्र एकदा समज देतं. नाही ऐकलं तर फोन बंद करतं. अपमान सहन करायचा नाही असं कंपनीचं धोरण आहे."

यंत्राला अपमान कसला वाटतो ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. मी त्या दिवशी तिच्यावर खूप ओरडलो. ती शांतपणे चहा पिऊन उठली आणि तिनं असभ्यच लावलं. पुण्याचा माणूस असता तर कदाचित चुकला असता, कदाचित त्यानं 'गावाकडचं बोलणं आहे, चालायचंच' म्हणून सोडून दिलं असतं. पण आपली माणसं आपल्याला लाज आणतात असं एकदा वाटलं की वऱ्हाडी माणसाइतका कडक परीक्षक दुसरा सापडायचा नाही. साहेबांना तिनं दाखवून दिलं की ती त्यातली नाही.

तिच्याबरोबर अकोल्याची नगमा नावाची मुलगी होती. वडील शिवणकाम करणारे. ती अशा फोनांवर सभ्य लावत राहिली. रागिणीला एकदा म्हणाली, "अगं, माझे अब्बा असेच बोलतात. गुस्सा नाही तो. घाई हाये त्यायले." नगमाचे शेरे रागिणीच्या शेऱ्यांशी जुळेनात, म्हणून यंत्रानंच नगमाला कामावरून कमी केलं. हे मला रागिणीनंच सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा इतका स्वच्छ होता की मी विषय बदलला.

शेषरावांच्या दवाखान्यानंही फोनसाठी हेच यंत्र बसवलं. रागिणीला त्याचं काही वाटलं नाही, कारण वडिलांचा नंबर ती स्वतः लावायची, रेडिओवाणी मराठीत. यंत्र तिला लगेच तारीख द्यायचं.

मग तो दिवस आला. अकोल्याच्या कचेरीत तिचा सत्कार होता. सर्वांत एकसारखे आणि अचूक शेरे लावल्याबद्दल. तिथं आत जाताना सगळ्यांचे फोन कपाटात बंद करून ठेवतात. शेषरावांची पाळी दुसऱ्या दिवशी होती, म्हणून ती निर्धास्त गेली होती. दुपारी शेषरावांना धाप लागली. आडवं होता येईना, बसलं तरी जीव घाबरा. पार्बताबाईनं पोरीला फोन लावला, तो वाजत राहिला. मागं एकदा ती नंबर न लावता दवाखान्यात गेली होती आणि बाकावर बसून परत आली होती. तेव्हापासून आधी नंबर, मग दवाखाना, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिनं दवाखान्याला फोन लावला.

पलीकडून गोड आवाज आला, "नमस्कार. आपली काय मदत करू?"

पार्बताबाईला तो आवाज एखाद्या कोवळ्या मुलीचा वाटला. "ओ पोट्टी, ऐक नं वं," ती म्हणाली. "माह्या माणसाले धाप लागून राहिली. उद्याचा नंबर हाये, पण तू आजच घे त्याले."

"कृपया सभ्य भाषेत बोला."

"काय बोलून राहिली वं? बह्याड झाली का? माणूस मरून राहिला माहा! घे नं वं माय, तुह्या पाया पडतो मी."

फोन बंद झाला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिला वाटलं, पोट्टीला ऐकू येत नाही, म्हणून ती आणखी मोठ्यानं बोलली. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. इनायतुल्ला ऑटो घेऊन परतला तेव्हा ती ओसरीत फोन तोंडासमोर धरून ओरडत होती आणि शेषराव खाटेच्या दांडीला धरून ओणवे बसले होते. "भाभी, फेका तो फोन," इनायतुल्ला म्हणाला आणि त्यानं शेषरावांना उचलून ऑटोत घातलं.

शेषराव वाचले. पण उशीर झाला होता. फुफ्फुसात पाणी भरलेलं, त्याचा ताण हृदयावर आला. आता ते खाटेवरून उठून अंगणापर्यंत जातात आणि तिथंच टेकतात. वावर दुसऱ्याला कसायला दिलंय, फुलं त्याच्याकडून येतात. डायलिसिस आठवड्यातून दोनदाचं तीनदा झालं, म्हणजे रागिणीच्या पगाराची गरज पूर्वीपेक्षा वाढली.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा रागिणी अकोल्याहून नुकतीच आली होती. सत्काराची शाल पिशवीतून बाहेर लोंबत होती. आईनं सगळं सांगितलं तेव्हा या माझ्या विद्वान विद्यार्थिनीच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल?

"आई, नीट बोलायला काय झालं होतं तुला?"

"मी नीटच बोलली वं," पार्बताबाई भांबावून म्हणाली. "पाया पडली मी तिच्या."

इथं हे थांबलं असतं तरी पुरे होतं. पण यंत्रानं बंद केलेले फोन तपासणीसाठी पुन्हा माणसांकडं येतात, आणि वऱ्हाडातले असे फोन रागिणीकडंच यायचे. काही दिवसांनी, भर सकाळी, बाजूच्या खोलीत वडील कण्हत असताना आणि आई चुलीपुढं भाकरी थापत असताना, हेडफोनमधून तिच्या कानात आईचा आवाज आला. ओ पोट्टी, ऐक नं वं. पुढचं सगळं तिनं ऐकलं. तुह्या पाया पडतो मी, इथपर्यंत. खाली नेहमीचा प्रश्न: बोलणाऱ्याला काय म्हणायचं आहे? तिनं 'विनंती' लावलं. सूर? तिनं 'सभ्य' लावलं.

शेरा परत आला. आपली नोंद आपल्याच आधीच्या नोंदींशी विसंगत आहे, कृपया फेरविचार करावा. आईचे त्या दुपारचे सगळे फोन एकामागून एक तिच्यापुढं आले, ती सभ्य लावत गेली आणि ते परत येत गेले. शेवटी सूचना आली, की यापुढं विसंगती आढळल्यास काम थांबवण्यात येईल. नगमाला हीच सूचना आली होती.

ती माझ्याकडं धावत आली. दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला. "सर, काय करू?"

"साहेबाला फोन कर. सांग, माझा निर्णय चुकला."

"केला. ते म्हणतात, आता यंत्र शिकून झालंय, राज्यभर बसवलंय. एका फोनासाठी सगळं कसं बदलणार? म्हणतात, भावनेच्या भरात आहात, दोन दिवस रजा घ्या."

"मग सोड ते काम!"

"बाबांचं काय करू?"

मी माझ्या निवृत्तिवेतनातून थोडं देऊ केलं, तर तिनं नको म्हणून मान हलवली. तीन वेळचं डायलिसिस असल्या मदतीवर किती दिवस चालणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. ती घरी गेली. आईच्या प्रत्येक फोनावर तिनं 'असभ्य' लावलं. या वेळी एकही परत आला नाही.

तिनं हे लपवलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. पण तिला ते पोटात ठेवता आलं नाही. त्याच संध्याकाळी आईपुढं बसून तिनं सगळं सांगून टाकलं: ते यंत्र कुणी शिकवलं, 'पोट्टी' म्हणणाऱ्याचा फोन तोडायचा हे कुणी ठरवलं, आणि आज तिच्या हाका ऐकून शेवटी कोणता शेरा लावला. ती वाट बघत होती की आई आता कडाडेल, हातातलं लाटणं फेकून मारेल, सात पिढ्या काढेल. पार्बताबाईनं सगळं ऐकून घेतलं. तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, "आपण जेवून घ्या. गार होईल."

परवा पौर्णिमा होती. पार्बताबाई बाजारात दिसली नाही म्हणून फुलं घ्यायला मी त्यांच्या घरीच गेलो. ती अंगणात शेवंती निवडत बसली होती. मला बघताच ओरडली, "काय रे मास्तर, मरून गेला होता का? बस तथीसा, फुलाईवर पाय नको देऊ, आंधया!" शेषराव खाटेवरून हसले. हसताना त्यांना धाप लागली. मला फार बरं वाटलं, आणि तेवढ्यात रागिणी दारात आली.

पार्बताबाईचा आवाज खाली आला. "रागिणीताई," ती म्हणाली, "सरांना पाणी आणता का जरा?"

रागिणी तिथंच उभी राहिली. तिचा प्रकल्प मी वाचला होता, पण लिहिला तिनं होता. पुण्याला जाऊन जे काही तिनं घासूनपुसून तोंडातून काढलं होतं ते सगळं एका दमात बाहेर आलं. ती आईच्या पायाशी फुलांत बसली आणि म्हणाली, "माय, असं नको नं बोलू वं. मार मले. शिवी दे. एक तरी शिवी दे नं वं मले."

पार्बताबाईनं तिच्या गुडघ्याखाली चिरडलेली शेवंतीची फुलं हलक्या हातानं काढून बाजूला ठेवली.

"शिवी कशी देणार?" ती म्हणाली. "आपण उठा. कपडे खराब होतील."

रागिणी उठली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.